डावा गुडघा

वासंतीताईंचा उजवा हात कानाच्या रेषेपर्यंत आला होता आणि गिरिजा त्यांना "श्वास सोडा, अजून थोडं," असं म्हणत होती, तेवढ्यात तिला खिडकीतून आपला नवरा पळताना दिसला. दुबईतल्या करामा भागातलं हे क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. खाली मासळी बाजाराचा मागचा दरवाजा, पार्किंग आणि पलीकडे सिग्नल. विष्णूची त्या दिवशी सुट्टी होती आणि तो सुरमई घ्यायला येणार हे तिला माहीत होतं. एक माणूस बाजारातून घाईघाईने निघून टॅक्सीत बसला. त्याच्यामागून विष्णू बाहेर आला, एका हातात माशांची पिशवी, दुसऱ्या हातात कुणाचा तरी मोबाइल. त्याने हाक मारली असावी, काचेतून ऐकू आलं नाही. टॅक्सी निघाली आणि विष्णू तिच्यामागे पळाला. वाटेत एक पिकअप आडवी उभी होती. तिला वळसा घालताना त्याने पूर्ण वेगात डावा पाय रोवला, तो त्याच पायावरून उजवीकडे वळला, दोन गाड्यांमधून निघाला आणि सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीच्या डिकीवर त्याने थाप मारली. मोबाइल दिला. परत फिरला. परत येताना मात्र तो नेहमीसारखा चालत होता, डावा पाय किंचित राखून.

"अगं आई गं! गिरिजा, तोडतेस की काय!" वासंतीताई ओरडल्या. गिरिजाने हात सोडला. सॉरी म्हणाली, शेक द्यायची पिशवी आणली, ती खांद्यावर नीट बसवली. हात आपापलं काम करत होते. पण आत कुठेतरी, एखाद्या परक्या घरात चुकून शिरल्यासारखं, तिला कुठे पाय ठेवावा ते कळेना. सात वर्षांत तिने विष्णूला पळताना पाहिलं नव्हतं. दिया पहिल्यांदा पार्कमध्ये सायकलवरून पडली तेव्हाही तो भरभर चालत गेला होता, पळाला नव्हता. त्या गुडघ्यावर धावत वळता येत नाही, हे तिने स्वतः एका रिपोर्टात लिहिलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सुरमई साफ करून मसाला लावून ठेवलेली होती. विष्णू हे काम तिच्यापेक्षा चांगलं करायचा. दिया टीव्हीसमोर होती. "Fish again?" ती मान न वळवता म्हणाली. गिरिजाने चहा टाकला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाजारात काय विशेष?"

"काय नाय. एक माणूस मोबाइल विसरला. दिला त्याला."

"कसा दिलास?"

"टॅक्सी सिग्नलला उभी होती ना."

यात एक शब्दही खोटा नव्हता. तिने चहा गाळला. आपण खिडकीतून पाहिलं हे ती का बोलली नाही, हे तिचं तिलाच समजलं नाही. कदाचित बोललं की ते खरं झालं असतं. रात्रीच्या जेवणात तिने सुरमईचा तुकडा तोडला आणि मऊ मासा काट्यापासून सुटताना बघत राहिली. तिला फिजिओथेरपीचा शारजातला तो हॉल आठवला, निळ्या गाद्या, भिंतीला लावलेल्या शिड्या, एसीचा एकसुरी आवाज आणि रोज दुपारी चारला दारातून कुबड्या घेऊन येणारा उंच सावळा माणूस. कार्डावर नाव होतं विष्णू भिवाजी. शहाण्णव साल संपत आलं होतं. तिने इंग्रजीतच विचारलं होतं, तुम्ही महाराष्ट्रातले का? तो म्हणाला, "मराठी. पण मॉरिशसचा." मग थांबून, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, "माझा पणजोबा रत्नांगिरीचा. भिवाजी त्याचा नाव. आमचा आडनाव तोच झाला." त्या 'रत्नांगिरी'तल्या अनुस्वाराने ती हसली होती. त्याची मराठी आजीच्या आरत्यांमधून आणि गावातल्या संध्याकाळच्या वर्गातून आलेली होती, तिला व्याकरणाची फारशी काळजी नव्हती, आणि जिथे ती संपायची तिथे तो मॉरिशसच्या बोलीत, क्रिओलमध्ये, जायचा.

तो फुटबॉलपटू आहे हे कळल्यावर तिने आपण कोल्हापूरच्या आहोत हे सांगितलं, पण त्याला त्याचा अर्थ कळला नाही. मग तिने समजावलं. शिवाजी पेठेतलं घर, तालमीचा फुटबॉल संघ, सामन्याच्या दिवशी अर्धा बंद होणारा बाजार, तिला खांद्यावर घेऊन स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसणारे वडील. एकदा वडील फाटका शर्ट आणि सुजलेला ओठ घेऊन घरी आले होते. दुसऱ्या पेठेच्या पोरांशी जुंपली होती. आईने हळद लावली, वडील हसत होते, शेजारचे हसत होते, तीही हसली होती. हे सगळं तिने विष्णूला त्याची मांडी दाबत दाबत मोठ्या मजेने सांगितलं. तो हसला नव्हता. दुखत असेल, असं तिला वाटलं.

व्यायामाच्या त्या महिन्यांत त्याने आपली सगळी कारकीर्द तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक वेळा ती विचारायची म्हणून. उसाच्या मळ्याला लागून असलेलं गावचं मैदान, चेंडू उसात गेला की शोधायला जावं लागायचं. सतराव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबमध्ये. विसाव्या वर्षी देशाचा शर्ट. कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी माणसांचा देश. संघात एक जण कस्टममध्ये कारकून, दोघे पोलीस, गोलकीपर शाळेत भूगोल शिकवायचा. आफ्रिकेतल्या मोठ्या देशांकडून ते चार-चार, पाच-पाच गोलांनी हरत आणि परतीच्या विमानात गाणी म्हणत. शेजारच्या बेटांना मात्र कधीमधी हरवत. डावीकडून धावत येऊन मारलेल्या त्याच्या एका गोलामुळे पंतप्रधानांनी संघाला जेवायला बोलावलं होतं. मग शारजातल्या एका बांधकाम साहित्याच्या कंपनीने आपल्या टीमसाठी त्याला नोकरीवर घेतलं. आठवडाभर स्टोअरमध्ये, शुक्रवारी मैदानावर. देशाचं बोलावणं आलं की कंपनी रजा द्यायची. अशाच एका बोलावण्यात, घरच्या मैदानावर, कुणीही धक्का दिलेला नसताना, डावा गुडघा आतल्या आत फाटला. ऑपरेशन दुबईत झालं. पुढचं काम गिरिजाचं होतं.

आणि ते काम तिने असं केलं होतं की पुढे कधी तसं केलं नाही. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिला खेळाडूंबरोबरच काम करायचं होतं. मिरजेला शिकत असतानाच ते तिने ठरवलं होतं. रोज त्याच्या मांडीचा घेर मोजायची. पायऱ्या, सायकल, डुगडुगत्या फळीवर एका पायाने उभं राहणं, मग उड्या, मग वळणं. पुढच्या वर्षी हिंदी महासागरातल्या बेटांच्या स्पर्धा होत्या आणि विष्णू कर्णधार होणार होता, त्याआधी फिटनेस चाचणी. त्या दिवशी हॉलमध्ये सर्जन आले होते, मॉरिशसहून संघाचे डॉक्टर आले होते. विष्णूने सरळ धावून दाखवलं. मग डाव्या पायावर उडी मारून वळायचं होतं. तो वळला, त्याचा चेहरा पिळवटला, आणि तो गिरिजाकडे बघत खाली बसला. "सुटतो," तो म्हणाला. "आत काहीतरी सुटतो." पुन्हा केलं, पुन्हा तेच. स्कॅन स्वच्छ होता. सर्जनने गुडघा हाताने खेचून पाहिला, तो घट्ट होता. सर्जन चांगला माणूस होता, त्याने कुणावर ठपका ठेवला नाही. फक्त हात धुता धुता म्हणाला, "माझं काम तर ठीक दिसतंय." उरलं कुणाचं काम, हे सांगायची गरज नव्हती. तिने रिपोर्ट लिहिला. संघाचे डॉक्टर विष्णूच्या पाठीवर थोपटून विमानतळावर गेले. खलास.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. शारजाच्या खाडीकाठी त्याने विचारलं आणि तिने लगेच हो म्हटलं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, यात तिला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या होकारात दुसरंही काहीतरी मिसळलेलं होतं. एखाद्याची वस्तू आपल्या हातून फुटावी आणि आपण त्याच्यासाठी जन्मभर जपून वागावं, असं काहीतरी. त्याच सुमारास दुबईच्या एका मोठ्या क्लबच्या वैद्यकीय विभागात तिला बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. डॉ. हमीद यांच्या करामातल्या क्लिनिकमध्ये लागली, आखडलेले खांदे, बँकेत बसून दुखणाऱ्या कमरा, म्हाताऱ्यांचे गुडघे. इथे कुणाला उडी मारून वळायचं नव्हतं. वर्षभरात दिया झाली, आणि सगळ्यांनी, विष्णूनेही, असंच धरलं की ती घरासाठी सोपी नोकरी करते. तिने कुणाचाच समज दूर केला नाही.

मोबाइलचा तो प्रकार सोमवारी झाला होता. मंगळवारी, बुधवारी ती विष्णूला बघत राहिली. जिना उतरताना तो कठडा धरत होता. जमिनीवर बसताना डावा पाय लांब ठेवत होता. हे नाटक आहे असं म्हणावं तर तसंही वाटत नव्हतं. नाटक करणाऱ्याला बघणारा लागतो, आणि तो तर एकटा असतानाही असाच चालायचा, हे तिने दुरून पाहिलं होतं. मग काय? क्लिनिकमध्ये दुपारी डॉ. हमीद डबा खात होते तेव्हा तिने विचारलं, "डॉक्टरसाब, कोई पेशंट सालों तक बोले कि दर्द है, और असल में ना हो तो?" हमीद हैदराबादचे. त्यांनी भात कालवत विचार केला. "पेशंट बोला दर्द है, तो है. मैं क्या उसके अंदर बैठा हूँ?" मग हसून म्हणाले, "इन्शुरन्सवालों को मत बताना." तिला हसू आलं नाही. आत बसलेलं कोण असतं? तिचे हात नऊ महिने त्या गुडघ्यावर होते. त्या गुडघ्याच्या इतकं जवळ कुणीच बसलेलं नव्हतं.

शुक्रवारी विष्णू म्हणाला, चला, खोर फक्कानला जाऊ. कंपनीचे कंटेनर तिथल्या बंदरात उतरायचे, त्यामुळे तो रस्ता त्याच्या पायाखालचा होता. जानेवारी संपत आला होता, उघड्यावर बसावं अशी हवा. डोंगरातून जाताना दिया मागच्या सीटवर झोपली. गिरिजा उघड्या खडकांकडे बघत होती आणि कसं विचारायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होती. एकेक वाक्य तयार व्हायचं आणि पुढच्या वळणावर निरुपयोगी वाटायचं. शेवटी किनाऱ्यावर चटई टाकली, दियाने बादली-फावडं घेऊन वाळू उकरायला घेतली, उजव्या हाताला बंदराच्या क्रेन दिसत होत्या, आणि गिरिजा एवढंच म्हणाली, "सोमवारी मी तुला पळताना पाहिलं."

विष्णू समुद्राकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही. तसाच म्हणाला, "क्लिनिकच्या खिडकीतून?"

"हो."

"मला पण समजला नाय. पाय आपले आपण गेले."

"गुडघा सुटत नाही."

"नाय."

"तेव्हापण सुटत नव्हता."

"नाय," तो म्हणाला. "तू चांगला केला होतास."

तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण ओरडू. पण ती शांतपणे म्हणाली, "का?" आणि तो सांगायला लागला, नेहमीसारखाच, ना आवाज चढवून, ना उतरवून. मधेच क्रिओल, मधेच तिच्याकडून शिकलेली कोल्हापुरी.

त्याच्या गावात यूनुस नावाचा बेकरीवाला होता. त्याची छोटी व्हॅन होती, पहाटे गावोगाव पाव पोचवायची. विष्णू लहान असताना पहाटे मैदानावर धावायला जायचा तेव्हा यूनुस व्हॅन थांबवून त्याला एक गरम पाव द्यायचा. कधी पैसे घेतले नाहीत. "खा आणि पळ," म्हणायचा. विष्णू मोठ्या क्लबमध्ये गेला तेव्हाही हा रिवाज चालू राहिला. त्या देशात क्लब जमातीजमातींचे होते. नावं बदलली होती, पण कुठला कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. विष्णूचा क्लब हिंदूंचा, यूनुसचा मुसलमानांचा. तरी यूनुस त्याची मॅच बघायला यायचा, आपल्या लोकांत बसायचा, आणि विष्णूने गोल केला की हात मांडीखाली दाबून धरायचा, असं तो स्वतःच हसत सांगायचा. शारजाला येण्याच्या आदल्या वर्षी या दोन क्लबांची मॅच झाली. शेवटच्या मिनिटांत विष्णूने गोल मारला. जिंकले. लोकांनी त्याला उचलून घेतलं.

"मॅच नंतर बस गावात आली. रस्त्यावर आग होती. मला वाटला फटाके. आमचे लोक नाचत होते. मधी यूनुसची व्हॅन जळत होती. आणि ते माझा नाव घेत होते. विष्णू, विष्णू. सगळे. मी त्यांना ओळखत होतो. माझा चुलतभाऊ पण होता."

"आणि यूनुस?"

"घरात होता. दार बंद करून. काय झाला नाय त्याला." विष्णूने वाळूची एक चिमूट उचलली आणि परत टाकली. "दुसऱ्या दिवशी मी बेकरीत गेलो. काय बोलायचा ते माहीत नव्हता. तो पण काय बोलला नाय. पाव दिला. मग हात पुढे केला. मी पैसे दिले. त्याने घेतले."

एवढंच. दियाने बादलीत पाणी आणून खड्ड्यात ओतलं, ते जिरून गेलं, ती पुन्हा आणायला गेली. गिरिजाला वडिलांचा सुजलेला ओठ आठवला आणि घरातलं ते हसणं. दुसऱ्या पेठेतला जो कोण असेल, तो त्या रात्री कसा घरी गेला, त्याच्या घरी कोण हसलं, हे आपण कधी विचारलं नाही. मग तिला आठवलं की विष्णू त्या गोष्टीला हसला नव्हता आणि आपण त्याची मांडी आणखी हळू दाबली होती.

"नाही म्हणायचंस," ती म्हणाली. "बोलावणं आलं की नाही म्हणायचं."

"कुणाला? बापाला? त्याने माझे फोटो देवाच्या बाजूला लावले होते. कर्णधार होणार म्हणून गावात जेवण घातला. नाय म्हटला तर का म्हणून विचारतील. काय सांगू? गुडघा फाटला तेव्हा, गिरिजा, मी मैदानात पडलो होतो आणि मला बरा वाटला. फार बरा वाटला. आता कुणी काय विचारणार नाय. मग तू तो नीट करायला लागलीस."

"आणि तू करू दिलास. नऊ महिने."

"तू रोज चार वाजता दाराकडे बघत बसायचीस."

"मला सांगता आलं असतं."

"सांगितला असता तर तुला खोटा लिहायला लागला असता. मी ठरवला, खोटा मी करीन. तू खरा लिही."

आता मात्र तिचा आवाज चढला. "तू माझ्याकडे बघून खाली बसलास, विष्णू. तिथे सर्जन होते, तुमचे डॉक्टर होते. तू माझ्याकडे बघितलंस."

"हो," तो म्हणाला. "तू विश्वास ठेवशील म्हणून."

ती उठून पाण्यापर्यंत गेली. लाट पायावरून गेली, थंड होती. तिला कुणीतरी गालफडात मारल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी, हे तिला विचित्र वाटलं, छातीतलं एक जुनं ओझं हललं होतं, पण कुठे ठेवायचं ते समजत नसल्यासारखं तिथेच घुटमळत होतं. ती परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मी क्लबची नोकरी का घेतली नाही, माहीत आहे?"

"दियासाठी."

"दिया तेव्हा नव्हती. मी कुणाच्या तरी पायाची पुन्हा वाट लावीन म्हणून नाही घेतली. तुझ्यानंतर मी एकाही खेळाडूला हात लावला नाही. सात वर्षं मी म्हाताऱ्यांचे खांदे हलवतेय."

विष्णूने आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याला हे माहीत नव्हतं. हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत ते उतरत जाताना ती बघत राहिली, दया न येता. "तू सांगितला नाय," तो पुटपुटला. "नाही," ती म्हणाली, "मीपण सांगितलं नाही."

दिया ओल्या पायांनी येऊन चटईवर बसली. "Why are you shouting? Is Papa hurt?" तिने विचारलं. आता कुणी ओरडत नव्हतं खरं तर. गिरिजा गुडघ्यांवर बसली आणि विष्णूला म्हणाली, "पँट वर कर." त्याने मुकाट्याने डावी पँट मांडीपर्यंत दुमडली. तिने दोन्ही हातांनी आधी मांडी धरली, मग गुडघ्याच्या वाटीच्या कडा चाचपल्या, ऑपरेशनचा पांढरा वण, खालची नस. पाय किंचित वाकवून पोटरी पुढे खेचली. घट्ट. मग त्याला मांडी आवळायला सांगितलं, आणि तिच्या तळव्याखाली स्नायू वर आला, भरदार, उजव्याच्या तोडीस तोड. इतकी वर्षं कठडा धरून चालणाऱ्याचा हा पाय नव्हता.

"तू व्यायाम करतोस," ती म्हणाली.

"स्टोअरमध्ये. दुपारी. तू शिकवलेले सगळे." तो चाचरला. "सोडवत नव्हता."

दूर क्रेनवरून एक कंटेनर हवेत आडवा सरकत होता. गिरिजाचे हात त्या गुडघ्यावर होते आणि हातांना जे कळायचं ते कळत होतं. काम उत्तम झालेलं होतं. तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच होतं, सव्विसाव्या वर्षी केलेलं, आणि त्याचा आनंद तिला विचारून आला नाही. राग होता तसाच होता, त्याच्या शेजारी हा येऊन बसला, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण होत नव्हती.

"Mumma, is he hurt?" दियाने पुन्हा विचारलं.

"नाही," गिरिजा म्हणाली. "पप्पाला काही झालेलं नाही."

तिने हात झटकले, वाळू उडाली. चटई गुंडाळायची म्हणून ती उभी राहिली. इतकी वर्षं तो कुठेही खाली बसला की उठताना ती सवयीने हात पुढे करत असे, आत्ताही तिचा हात अर्धा पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि दियाची बादली उचलली. विष्णूने एकदा तिच्या हाताकडे पाहिलं. मग डावा पाय जवळ ओढून, त्याच्यावर सगळा भार देऊन, तो एकटा उठला.